वीस वर्षांचा कागद

आमच्या गच्चीवरच्या सहा प्लेटांना एकच शत्रू आहे: शेजारच्या बंगल्यावरची पाण्याची टाकी. काळी, हजार लिटरची, विटांच्या चार खांबांवर चढवलेली. दुपारी साडेतीनला तिची सावली पहिल्या प्लेटच्या कोपऱ्यावर पाय ठेवते, चारपर्यंत दोन प्लेटा गिळते, आणि माझ्या मोबाइलवरचा विजेचा आलेख कड्यावरून ढकलल्यासारखा खाली येतो. प्लेटा बसवणारा पाहणीला आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. सकाळी अकराला ती सावली शेजाऱ्यांच्याच गच्चीत असते. ‘एकदम ओपन आहे सर,’ म्हणून त्याने टेप गुंडाळली. पुढे वीज कंपनीचं नेट मीटर लागायला अडीच महिने गेले, ते वेगळंच.

तीन किलोवॅटच्या या संसाराने मला एक खोड लावली आहे. दिवसातून दहादा मोबाइल उघडून आज किती युनिट झाली ते बघायचं. घरात याला ‘बाबांचा शेअर बाजार’ असं नाव पडलंय.

माझा भाचा स्टुटगार्टला असतो. भाड्याच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर. त्याने बाल्कनीच्या कठड्याला बाहेरून दोन प्लेटा टांगल्या, वायर एका छोट्या इन्व्हर्टरमधून फिरवली आणि प्लग भिंतीतल्या साध्या सॉकेटमध्ये खोचला. झालं. मिक्सर लावावा तसं. फरक एवढाच की इथे वीज सॉकेटमधून बाहेर येण्याऐवजी आत जाते, आणि फ्रिज, राउटर, लॅपटॉप ती परस्पर पिऊन टाकतात. जर्मन लोक याला ‘बाल्कोनक्राफ्टवेर्क’ म्हणतात, बाल्कनीतलं वीजकेंद्र. आठशे वॅटपर्यंतच्या असल्या केंद्राला परवानगी लागत नाही, ऑनलाइन नोंद पुरते. २०२४ च्या कायद्यानंतर घरमालकालाही सबळ कारणाशिवाय नाही म्हणता येत नाही. २०२५ च्या मध्यापर्यंत अशा दहा लाखांवर जोडण्यांची नोंद झाली होती.

डिसेंबरात फोनवर मी त्याला विचारलं, आज किती? ‘मामा, पाव युनिट. साडेचारला अंधार झाला, त्यात दिवसभर धुकं.’ मी हसलो. आमच्या प्लेटा टाकीची सावली सोसूनही मार्चातल्या स्वच्छ दिवशी बारा-तेरा युनिट देतात.

हसू फार टिकलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये भारताने सौरऊर्जेची १०० गिगावॅट क्षमता ओलांडली. त्याची बातमी आपण अभिमानाने वाचली. त्याच महिन्यात जर्मनीनेही १०० गिगावॅटचा टप्पा ओलांडला. दोन्ही देश एकाच पायरीवर, एकाच वेळी. पण जर्मनीत माणसं साडेआठ कोटींच्या आत आणि आपण एकशे चाळीस कोटींच्या वर. भागाकार केला तर जर्मन माणसाच्या वाट्याला सुमारे बाराशे वॅट येतात, म्हणजे आमच्या गच्चीवरच्या दोन प्लेटांहून थोडं जास्त. भारतीयाच्या वाट्याला सत्तर वॅट. छताला टांगलेला एक पंखा. आणि ऊन? मराठवाड्यातल्या एक चौरस मीटर जमिनीवर वर्षभरात जेवढं ऊन पडतं, त्याच्या निम्म्याहून थोडं अधिक जर्मनीत पडतं.

मग सौरऊर्जा कुठे रुजते ते ठरतं कशावर? गेली दोन वर्षं मी या प्रश्नाच्या मागे आहे. आता मला असं वाटतं की माणूस छतावर प्लेटा चढवतो तो दोनच कारणांनी. एक तर त्याचा व्यवस्थेवर विश्वास असतो, किंवा तो व्यवस्थेला पुरता वैतागलेला असतो. हवामानाची काळजी असते, नाही असं नाही. पण ती देवघरातल्या समईसारखी. तिच्या उजेडात कुणी स्वयंपाक करत नाही.

*

विश्वासाची गोष्ट आखेनला सुरू होते. बेल्जियमच्या सीमेला टेकलेलं हे जर्मन शहर. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे वोल्फ फॉन फाबेक नावाच्या, एकेकाळी लष्करात असलेल्या गृहस्थांनी आणि त्यांच्या संस्थेने एक मागणी लावून धरली. सौरवीज तयार करणाऱ्याला तिचा पुरता खर्च भरून निघेल एवढा दर द्या, आणि त्यासाठी शहरातल्या प्रत्येकाच्या वीजबिलात थोडी भर टाका. दर निघाला युनिटला दोन मार्क. नेहमीच्या विजेच्या कितीतरी पट. बऱ्याच खटाटोपानंतर १९९५ मध्ये ते अमलात आलं. बव्हेरियातल्या हामेलबुर्ग या छोट्या गावात हान्स-योसेफ फेल या नगरसेवकाने असंच काहीसं आधी करून दाखवलं होतं. हेच फेल पुढे ग्रीन पक्षाकडून संसदेत गेले आणि सोशल डेमोक्रॅट हेर्मान शेअर यांच्याबरोबर त्यांनी २००० चा अक्षय ऊर्जा कायदा घडवला.

कायद्याचा गाभा तीन वाक्यांत मावतो. तुम्ही सौरवीज तयार केली तर जवळच्या वीजजाळ्याला ती घ्यावीच लागेल. तिचा दर ठरलेला असेल, सुरुवातीला साधारण पन्नास युरो-सेंट. आणि तो दर वीस वर्षं बदलणार नाही. त्या काळी घरगुती ग्राहक चौदा सेंटच्या आसपास युनिट विकत घेत होता, म्हणजे विकत घ्या चौदाला आणि विका पन्नासला. सगळे या पन्नास सेंटबद्दल बोलतात. माझ्या मते जादू वीस वर्षांत होती.

कोळशाच्या विजेत खर्च रोज होतो: कोळसा, वाहतूक, राख. सौरविजेत इंधन नाही, त्यामुळे जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो. प्लेटा बसवणं म्हणजे पुढच्या वीस-पंचवीस वर्षांची वीज एकरकमी आगाऊ विकत घेणं. एवढी रक्कम कुणाच्या गाठीशी नसते. कर्ज काढावं लागतं. म्हणजे सौरविजेचा भाव उन्हापेक्षा व्याजावर ठरतो. आणि व्याज ठरतं बँकवाल्याच्या खात्रीवर. घराच्या कर्जाला पगाराचा दाखला लागतो, तसा बव्हेरियातल्या शेतकऱ्याच्या हातात आता सरकारचा वीस वर्षांचा कागद होता. तो दाखवून त्याने तीन-चार टक्क्यांनी कर्ज उचललं आणि गोठ्याच्या छपरावर निळं कौल चढवलं. २०१० ते २०१२ या तिन्ही वर्षांत जर्मनीने दरवर्षी सात गिगावॅटच्या वर क्षमता बसवली. ढगाळ देशाने.

पैसे कुठून आले? इतरांच्या बिलातून. २०१७ मध्ये प्रत्येक युनिटमागे ६.८८ सेंट अधिभार होता, घरगुती दराच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त. मोठ्या कारखान्यांना त्यात सवलत होती. म्हणजे चाळीत राहणाऱ्याने बंगलेवाल्याच्या प्लेटांचे हप्ते भरले असं म्हटलं तर अगदीच अन्याय होणार नाही. २०२२ च्या जुलैत हा अधिभार रद्द झाला आणि भार सरकारी तिजोरीवर गेला. जर्मनीचं कौतुक करणाऱ्या लेखांत ही ओळ सहसा गाळलेली असते.

दुसरी गाळलेली ओळ कारखान्यांची. जर्मन ग्राहकाने वर्गणी भरली आणि मांडव पडला चीनच्या दारात. शी झेंगरोंग हा चिनी विद्यार्थी ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्स विद्यापीठात, मार्टिन ग्रीन यांच्या हाताखाली सौरघट शिकला. २००१ मध्ये तो चीनमधल्या वूशी शहरात परतला, स्थानिक सरकारच्या भांडवलावर सनटेक कंपनी काढली, आणि २००५ मध्ये तिचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात विकले. गिऱ्हाईक मुख्यतः युरोपचं. सनटेकच्या मागे शेकडो कंपन्या आल्या, स्पर्धेत एकमेकींचे गळे कापू लागल्या, आणि २०१२ मध्ये एकेकाळी जगात पहिल्या नंबरावर असलेली जर्मनीची क्यू-सेल्स दिवाळखोरीत गेली. पुढच्या वर्षी सनटेकचा वूशीतला मुख्य कारखानाही त्याच वाटेने गेला. पण बाकीच्या उरल्या. आज प्लेट तयार होण्याच्या प्रत्येक टप्प्यावर चीनचा जगातला वाटा ऐंशी टक्क्यांच्या वर आहे. त्यात शिनजियांगमधल्या कोळशावरची वीज आहे आणि तिथल्या उइघुरांच्या सक्तीच्या मजुरीचे गंभीर आरोपही आहेत. त्यावरून अमेरिकेने तिथला माल अडवणारा कायदा केला. स्वस्त प्लेटची ही बाजू कॅटलॉगमध्ये छापत नाहीत.

भाव किती पडला? १९७० च्या दशकाच्या मध्यावर एका वॅटची प्लेट आजच्या पैशांत शंभर डॉलरच्या वर जात होती. आज कारखान्याच्या दारात तिला दहा सेंटच्या आसपास पडतात. जगातलं एकूण उत्पादन दुप्पट झालं की भाव साधारण वीस टक्क्यांनी उतरतो, असा या धंद्याचा ठोकताळा आहे आणि तो गेली चाळीस-पन्नास वर्षं बऱ्यापैकी खरा ठरत आलाय. कोळसा असा वागत नाही, कारण कोळसा खणून काढायचा असतो. जवळचा संपला की लांबचा. प्लेट ही कारखान्यातली वस्तू आहे, मोबाइलसारखी.

*

वीस वर्षांच्या कागदाची नक्कल अनेकांनी केली, आणि नक्कल करताना कोण कुठे चुकलं हे फार बोलकं आहे.

स्पेनने उदार दर जाहीर केले. २००८ या एका वर्षात तिथे अडीच गिगावॅटहून जास्त क्षमता उभी राहिली, सरकारच्या अंदाजाच्या कितीतरी पट. मग मंदी आली, तिजोरी रिकामी झाली, आणि आधीच उभ्या असलेल्या प्रकल्पांचेच दर सरकारने मागे जाऊन कापले. ज्यांनी कर्जं काढून शेतात प्लेटा लावल्या होत्या ते हप्त्यांत अडकले. परदेशी गुंतवणूकदार आंतरराष्ट्रीय लवादांकडे धावले. उन्हाने ओसंडणाऱ्या त्या देशात पुढची कित्येक वर्षं या धंद्यात जवळपास शुकशुकाट होता.

आपल्याकडेही त्याची एक छोटी आवृत्ती निघाली. २०१९ मध्ये आंध्र प्रदेशात सत्तांतर झालं आणि नव्या सरकारने आधीचे सही झालेले वीजखरेदी करार पुन्हा उघडायचं ठरवलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, २०२२ मध्ये निकाल प्रकल्पवाल्यांच्या बाजूने लागला. पण तोवर देशभरच्या बँकांनी ‘राज्य बदललं की कागद बदलतो’ हा धडा वहीत लिहून ठेवला होता.

आणि व्हिएतनाम. ही मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट, कारण ती इतकी आपल्यासारखी आहे. २०१७ मध्ये सरकारने जाहीर केलं: युनिटला ९.३५ अमेरिकी सेंट, वीस वर्षं. अट एकच, प्रकल्प ३० जून २०१९ पूर्वी सुरू झाला पाहिजे. २०१८ च्या अखेरीस देशात सौरवीज नाममात्र होती. ३० जूनपर्यंत साडेचार गिगावॅट उभी. मग छतांसाठी नवा दर, ८.३८ सेंट, आणि नवी शेवटची तारीख: ३१ डिसेंबर २०२०. आता छत म्हणजे काय, याची व्याख्या कागदावर सैल होती. शेतजमिनीवर खांब रोवून वर प्लेटांचंच छप्पर केलं आणि खाली अळिंबीची लागवड दाखवली की ते शेतघराचं छत. शेवटच्या महिन्यात तर कहर झाला. डिसेंबर २०२० मध्येच सहा गिगावॅटच्या आसपास क्षमता छतांवर चढली. दोन वर्षांत शून्यातून देश सोळा गिगावॅटच्या पुढे गेला. १ जानेवारीला नवा दर आला नाही. कंत्राटदार घरी बसले. निन्ह थुआनसारख्या उन्हाळ प्रांतांत तारा एवढी वीज वाहून नेऊ शकत नव्हत्या, म्हणून दुपारी चालू प्रकल्प बंद ठेवावे लागले. महापालिकेत मार्चअखेरीला रस्ते कसे होतात हे ज्याने पाहिलंय त्याला व्हिएतनाम समजावून सांगावा लागत नाही.

चीनही याला अपवाद नाही, फक्त तिथे सगळं शंभरपट. १ जून २०२५ पासून नव्या प्रकल्पांची ठरीव दराची हमी जाणार होती, त्यांना बाजारात उतरावं लागणार होतं. मे महिन्यात चीनने सुमारे ९३ गिगावॅट बसवले. एका महिन्यात. आपण तोवर पंधरा वर्षांत जमवलेल्या क्षमतेच्या फार मागे नाही हा आकडा.

*

आता वैताग.

पाकिस्तानात कुणी जर्मनीसारखा कायदा केला नाही. उलट सरकार सौरऊर्जेच्या लाटेने धास्तावलं आहे. तिथे गेल्या दशकात आयात कोळशावर आणि वायूवर चालणारी बरीच वीजकेंद्रं उभी राहिली, बरीचशी चिनी कर्जावर, आणि करार असे की वीज घ्या किंवा न घ्या, क्षमतेचे पैसे डॉलरच्या हिशेबात द्यायचेच. रुपया घसरला, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने अनुदान कापायला लावलं, आणि दर काही वर्षांत दुपटीच्या पुढे गेले. त्यावर भारनियमन होतंच. नेमक्या याच वेळी चिनी प्लेटांचा भाव जमिनीवर आला. लोकांनी साधा हिशेब केला. २०२४ या एका वर्षात पाकिस्तानने सुमारे १७ गिगावॅटच्या प्लेटा आयात केल्या. देशाच्या जाळ्यावरच्या सगळ्या वीजकेंद्रांची मिळून क्षमता पन्नास गिगावॅटच्या आत आहे, हे लक्षात घेतलं की हा आकडा कळतो. लाहोर-कराचीच्या बाजारात प्लेटा पंखा-कूलरसारख्या दुकानाबाहेर उभ्या करून विकल्या जातात. पंजाबातल्या शेतकऱ्यांनी डिझेलचे पंप काढून त्या लावल्या.

यात एक फास आहे. ज्याला परवडतं तो जाळ्यातून बाहेर पडतो. वीजकेंद्रांचा ठरीव खर्च तेवढाच राहतो. तो उरलेल्यांत वाटला जातो. त्यांचं बिल वाढतं. मग त्यांतलाही एखादा प्लेटांची चौकशी करायला निघतो. मागे राहतो तो भाडेकरू, ज्याला छतच नाही. मार्च २०२५ मध्ये नव्या ग्राहकांकडून घ्यायच्या सौरविजेचा दर २७ रुपयांवरून १० वर आणायचा प्रस्ताव आला तेव्हा मोठा गदारोळ उठला. सरकार म्हणत होतं, गरिबांवरचा भार थांबवायचाय. लोक म्हणत होते, तुमच्या चुकीच्या करारांचा भुर्दंड आम्ही का सोसायचा. दोघंही खरं बोलत होते.

दक्षिण आफ्रिकेत वैताग आणखी शुद्ध स्वरूपात दिसला. २०२३ मध्ये तिथे जवळजवळ रोज लोडशेडिंग होतं. आपल्या भागातली वीज किती वाजता जाणार ते सांगणारं ‘एस्कमसेपुश’ हे ॲप घरोघरी होतं. त्या वर्षी छतांवरच्या प्लेटा आणि बॅटऱ्यांचा सपाटा लागला. मार्च २०२४ च्या अखेरीस लोडशेडिंग थांबलं आणि पुढे कित्येक महिने आलं नाही. विक्री लगेच ओसरली. दुखणं गेलं, की औषधाची चिठ्ठी खणात.

बांगलादेशचं असंच, फक्त सावकाश. २००३ पासून तिथल्या इडकॉल या सरकारी संस्थेच्या योजनेतून, ग्रामीण शक्तीसारख्या संस्थांमार्फत, एक्केचाळीस लाखांच्या वर घरांत लहान सौरसंच हप्त्यांवर पोचले. एक प्लेट, एक बॅटरी, दोन-तीन दिवे. जगात एवढी मोठी अशी योजना दुसरी नव्हती. मग सरकारी तारा गावोगाव पोचल्या आणि लोकांनी हप्ते भरायचं सोडलं. तज्ज्ञांना वाटलं होतं, लोकांना सौरऊर्जा हवी आहे. लोकांना दिवा हवा होता.

श्रीमंत देशांतही कागदाचा मामला सुटत नाही, फक्त तिथे तो वेगळ्या टेबलावर असतो. ऑस्ट्रेलियात चाळीस लाखांहून जास्त घरांवर प्लेटा आहेत. ढोबळमानाने दर तीन घरांत एक. अमेरिकेतही ऊन भरपूर, पैसा भरपूर. पण तीच प्लेट अमेरिकी छतावर चढेपर्यंत ऑस्ट्रेलियापेक्षा दोन-तीन पट महाग पडते. प्लेटचा भाव यात फारसा येत नाही. अमेरिकेत प्रत्येक गावाची परवानगी वेगळी, नकाशा वेगळा, निरीक्षक वेगळा. दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्याचं कमिशन वर. ऑस्ट्रेलियात अनुदानाची रक्कम बसवणाराच बिलातून वजा करतो, आणि शिकलेली जोडी एका दिवसात घर उरकते. बाकी तिथे आता उलटाच प्रश्न आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात काही दुपारी राज्याची सगळी गरज नुसत्या छतांवरून भागते आणि घाऊक बाजारात विजेचा भाव शून्याखाली जातो. त्यामुळे सकाळी दहा ते तीन स्वस्त वीज देणारा ‘सोलर स्पंज’ दर तिथे आला. दुपारी धुणं लावा, पाणी तापवा, गाडी चार्ज करा, पण ही वीज कृपा करून वापरा.

*

आपल्याकडे मोठे प्रकल्प आणि छतं यांची नशिबं पार वेगळी निघाली.

मोठ्यांची कुंडली उत्तम. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशन सुरू झालं. त्याच वर्षीच्या पहिल्या लिलावात सरासरी भाव निघाला युनिटला बारा रुपयांच्या आसपास. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडलासाठी २ रुपये ४४ पैसे. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैसे. इथेही कागदच: पंचवीस वर्षांचा करार, बहुतेकदा मध्ये केंद्र सरकारची कंपनी, आणि जमीन-तारांची तजवीज सौरपार्कात आधीच केलेली. भडला, पावागडा, रेवा ही नावं त्यातून आली. महाराष्ट्रात महानिर्मितीने धुळे जिल्ह्यातल्या साक्रीजवळ १२५ मेगावॅटचा प्रकल्प २०१३ मध्येच उभा केला होता, पण पुढे बरीच वर्षं आपण गुजरात-राजस्थानच्या मागेच राहिलो.

छतांची कुंडली मात्र वाईट. २०२२ पर्यंत छतांवर ४० गिगावॅट करायचे होते. चौथा हिस्साही झाला नाही. कारण आपल्या वीजदरांत दडलंय. महिन्याला शंभर युनिटच्या आत जाळणाऱ्याला वीज स्वस्त, त्याला प्लेटांची घाई नाही. जो तीनशे-चारशे युनिट जाळतो, एसी लावतो, चढ्या दराने भरतो, त्याला प्लेटा हव्यात. आणि नेमका तोच वीज कंपनीचं दुभतं जनावर. कोणती कंपनी आपली म्हैस स्वतःच्या हाताने सोडून देईल? नेट मीटरला महिने का लागतात, याचं उत्तर मी एरवी अर्जांच्या ढिगाऱ्यात शोधत बसलो असतो.

२०२४ च्या फेब्रुवारीत प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली. एक कोटी घरं, ७५ हजार कोटी रुपये, तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान थेट खात्यात, आणि सहा-सात टक्क्यांनी बिनतारण कर्ज. या शेवटच्या कलमाकडे कमी लक्ष गेलं. मला तेच मोठं वाटतं. सुरुवातीला छतांच्या संख्येत गुजरात पहिला होता, महाराष्ट्र त्याच्या पाठोपाठ.

पण महाराष्ट्रातली खरी गंमत गच्च्यांवर नाही, शिवारात आहे. राज्यात शेतीपंप ४५ लाखांच्या आसपास. शेतीला वीज पोचवायचा खर्च आणि शेतकऱ्याकडून येणारं बिल यांतली दरी वर्षानुवर्षं उद्योगांच्या चढ्या दरातून आणि सरकारी अनुदानातून बुजवली जाते. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल माफ झालं, म्हणजे ती दरी आता थेट तिजोरीच्या दारात. अशा वेळी गावाजवळ पडीक जमिनीवर सौरप्रकल्प टाकून शेतीचं फीडर दिवसा तीन रुपयांच्या आसपासच्या विजेवर चालवणं हा तिजोरीचाच बचाव आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा जोर तिथून येतो. तिला पर्यावरणाचं गोंदण नंतर काढलेलं.

माझा आतेभाऊ अंबड तालुक्यात मोसंबी करतो. त्याने दहा टक्के रक्कम भरून पाच अश्वशक्तीचा सौरपंप घेतला. आधी एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला तो बॅटरी, काठी आणि गमबूट घेऊन निघायचा; गव्हाला दारं धरताना एकदा पायावरून साप गेला, त्याची गोष्ट तो अजून सांगतो, दरवेळी साप थोडा लांब होतो. मी गेलो तेव्हा सकाळचे नऊ होते. त्याने कंट्रोलरचं बटण दाबलं. डीपीची भुणभुण नाही, स्टार्टरचा खटका नाही. पाइपातून आधी बोटाएवढी धार, मग मनगटाएवढी. अकराच्या सुमाराला ती पाइपभर झाली. मध्येच एक ढग आला तशी धार हलकेच बारीक झाली, ढग सरला तशी पुन्हा फुगली. दोघं बांधावर बसून बराच वेळ ते बघत राहिलो. आभाळ पाण्यात उमटतं असं म्हणतात ते वेगळं. इथे आभाळ पाण्याची जाडी ठरवत होतं.

‘रात्री झोपतो आता,’ तो म्हणाला. त्याच्या बायकोने मागून भर घातली, ‘ते झोपतात. मोटार दिवसभर चालते.’ पूर्वी लाईट आठ तासांची असायची, आता ऊन असेतो पंप बंद करायचं कारणच राहिलं नाही. विजेला बिल नाही, उन्हाला बिल नाही. शेजारच्यानेही सोलर घेतलं, पलीकडच्यानेही. यंदा विहिरीने फेब्रुवारीतच तळ दाखवला. पाकिस्तानी पंजाबात भूजलाचे अभ्यासक हीच तक्रार करतात.

*

गेल्या महिन्यात शेजारचे काका बिल घेऊन आले. एसी दोन झालेत, सूनबाई घरून काम करते, आकडा साडेचार हजारांच्या पुढे. ‘तुमचं किती येतं?’ मी सांगितलं. स्थिर आकार आणि किरकोळ. ते बराच वेळ गप्प बसले. मग शिक्षकी पेशातल्या माणसाने विचारावा तसा नेमका प्रश्न विचारला: ‘आज तुम्ही दुपारी दिलेलं युनिट रात्री परत मिळतं. पण हे असंच राहील, असं कुणी लिहून देतं का?’

मी आत जाऊन कराराची प्रत आणली. दोघांनी चष्मे लावून वाचली. मुदत वीस वर्षं लिहिली आहे. दर आणि हिशेबाची पद्धत मात्र वीज नियामक आयोगाच्या वेळोवेळीच्या आदेशाप्रमाणे. काकांनी त्या ‘वेळोवेळीच्या’वर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

चहा झाला. जाताना ते जिन्यावरून माझ्या गच्चीत चढले. चार वाजले होते. दोन प्लेटांवर टाकी आडवी पडली होती. त्यांनी सावलीकडे बघितलं, मग मागे वळून स्वतःच्या टाकीकडे.

‘ही आमची?’

‘हो.’

‘मग ती आधी हलवायला लागेल,’ ते म्हणाले. ‘दिवाळीनंतर बघू.’